न हलणाऱ्यांसाठी रेडिओ

तमाम मराठीजनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की यापुढे युद्धभूमीवर कोणीही हलू नये. हा शोध सिंगापुरातल्या बुकित बातोकमधल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर लागला आणि त्या ऐतिहासिक प्रसंगी मी हजर होतो. म्हणजे गुडघ्यांवर रांगत जमिनीला पिवळी टेप चिकटवत होतो.

आम्ही सैन्यासाठी रेडिओ बनवत होतो. साध्या वॉकीटॉकीवर बटण दाबून बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं, मग गप्प बसून ऐकायचं. आमचा रेडिओ एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलता बोलता ऐकणार होता. अडचण एवढीच, की स्वतःच्या आवाजापुढे दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. आमच्या साहेबांना हा त्रास जन्मापासूनच होता. यंत्राला मात्र इलाज होता: ते स्वतःचा आवाज ओळखून वजा करायचं. पण तो आवाज भिंतींवर, कपाटांवर, माणसांच्या पोटांवर आपटूनही परत येतो. माणूस सरकला की वजाबाकी चुकते.

यावरचा उपाय आमच्यातल्या नागपूरच्या एका बाईंनी शोधला होता. त्यांचा प्रोग्राम बदललेल्या खोलीशी क्षणोक्षणी जुळवून घ्यायचा. कुणी हललं की जरा चाचपडायचा आणि सावरायचा. तेवढ्यात वजाबाकी कितपत जमतेय ते दाखवणारी पडद्यावरची रेघ थरथरायची. साहेबांना थरथरती रेघ खपत नसे. रेघ म्हणजे कशी, इस्त्री केल्यासारखी हवी. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी त्यांनी तो प्रोग्राम बंद करायला लावला. पाहुणे टेपने आखलेल्या जागेवर उभे राहिले की यंत्र एकदाच जुळवायचं आणि मग कुणी हलायचं नाही, असं ठरलं. रंगीत तालमीला पाहुण्यांच्या जागी आम्हाला उभं केलं. अधिकाऱ्यांच्या मापाचं पोट हवं म्हणून माझी निवड झाली. माझ्या कारकिर्दीतला हा एकमेव गौरव.

बाईंनी स्वतःच्या हाताने प्रोग्राम बंद केला. त्यांचा करार त्याच महिन्यात संपत होता. तो वाढला नाही तर सिंगापुरात राहायचा कामाचा पास जाणार, चोआ चू कांगचा फ्लॅट जाणार. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, जेवताना मी त्यांना म्हटलं, साहेबांना सांगा तरी. त्या म्हणाल्या, “अन् पोरीची शाळा मधेच सोडवू का?” मी शूर माणूस असल्यामुळे पुढचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी लष्कराचे पाहुणे आले आणि टेपवर उभे राहिले. काय उभे राहिले! निश्चल उभं राहणं हा त्यांचा पेशाच. यंत्र जुळवलं, रेघ सपाट झाली, साहेबांचं भाषण सुरू झालं. आणि साहेबांना हात न हलवता बोलता येत नाही, हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ‘रणांगण’ या शब्दाला त्यांचा उजवा हात साऱ्या क्षितिजावरून फिरला. रेघ कोसळली, स्पीकर कर्कश किंचाळला. पाहुणे तरीही हलले नाहीत.

साहेब पाहुण्यांकडे वळून म्हणाले, की हा भाग या मॅडमचा आहे आणि पुढच्या महिन्यापासून त्या जागी आम्ही कुणी अनुभवी माणूस घेतो आहोत. इतक्या सफाईने सांगितलं, जणू तेही भाषणातच लिहिलेलं होतं. मी खाली पाहत टेपची एक उचकटलेली कड बुटाने दाबत राहिलो.

पुढे पाहुण्यांतल्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याने बाईंचा प्रोग्राम सुरू करायला लावला आणि स्वतः खोलीभर फेऱ्या मारल्या. रेघ थरथरत राहिली, पण पडली नाही. बाईंचा करार वाढला, तोही त्या अधिकाऱ्याच्याच आग्रहाने. पण हे सगळं घडलं ते त्याआधीच्या एका वाक्यामुळे. तीन वर्षांत साहेबांपुढे एकदाही ‘नाही’ न म्हटलेल्या बाई सगळ्यांना कळेल अशा स्वच्छ इंग्रजीत बोलून गेल्या आणि मग त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला:

“पण सर, लढाईत माणसं हलतात.”