हरल्या दिवशीचे फोटो

लेकीकडे कॅनडात आले, की शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमधली एक भिंत मी हमखास बघते. इथे आइस हॉकीची बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ सुरू झाली, की आपला संघ बाहेर पडेपर्यंत कुणी दाढी करत नाही. खेळाडू नाहीत, चाहतेही नाहीत. संघ हरला, की दाढी उतरवण्याआधी आजी त्यांचा फोटो काढायच्या. ते सगळे फोटो तिथे ओळीने लावलेत. संघ कुठवर पोचला, ते हनुवटीवर वाचायचं. बहुतेक वर्षी नुसते खुंट. एकदाच भरघोस दाढी. तेव्हा अंतिम फेरीत हरले होते. आपल्याकडे भिंतीवर बक्षीस घेतानाचे फोटो लागतात. इथे सगळे हरल्या दिवशीचे, आणि प्रत्येकात आजोबा मनापासून हसतायत. हे काही मला उलगडत नसे.

यंदा आजी नाहीत. संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. सकाळी आजोबा कॅमेरा घेऊन आमच्या दारात आले.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हटलं, "हसा की थोडं."

"तिला कधी सांगावं लागलं नाही," ते म्हणाले.