कमरेइतक्या पाण्यातले पाणबुडे

दुष्काळात साखर कारखान्याच्या चेअरमननी गावतलावाचा तळ साफ करायला मुंबईहून पाणबुडे आणले. पाणी कमरेइतकंच उरलं होतं. ते पाठीवर हवेची टाकी बांधून त्यात पालथे झोपले. आम्ही कॉलेजचे स्वयंसेवक काठावरून टाळ्या वाजवत होतो.

शेजारी एक म्हातारी घागर घेऊन बसली होती. घागरीच्या तोंडावर पदराची घडी बसवायची, गढूळ पाण्याकडं बघून पुन्हा काढायची.

"मावशी, तलाव साफ होतोय," मी चाचरत म्हणालो.

"लई साफ झाला, बाबा. आता गाळ खाली बसूस्तोर प्यावं काय?"

मी ओशाळून माझी बाटली तिच्या घागरीत रिकामी केली. तळ जेमतेम ओला झाला.

तिनं आत डोकावलं. "पाणी आलं की! बोलाव त्यायला, ही बी साफ करतेन."