एंटर येईपर्यंत

आमच्या सौंसरच्या कॉलेजात कॉम्प्युटरची असेंब्ली भाषा शिकवणारे एक सर आहेत. दोन आकड्यांतला मोठा कोणता ते सांगणारा प्रोग्राम ते दरवर्षी लिहायला लावतात आणि दरवर्षी पोरं तीच चूक करतात. कीबोर्डचं एक बटन दाबलं, की तोच पूर्ण आकडा धरतात; आकडा संपला हे सांगणारं एंटरचं बटन दाबलं जाईपर्यंत थांबतच नाहीत. मग दहा टाइप करायला जावं, तर मशीन एकला पहिला आकडा आणि शून्याला दुसरा समजून निकाल देऊन मोकळी होते. सर स्क्रीनकडे बघत सावकाश म्हणतात, "एंटर कुठी आला अजून? त्याचं पुरं तर होऊ द्या."

बोलतानाही ते तसेच. समोरच्याचं वाक्य संपलं तरी थोडं थांबतात, मगच तोंड उघडतात. मी ऑफिसातला बाबू. मला त्याचा वैताग येतो.

परवा मोहगावहून एका मुलीचे वडील आले. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "पोरीचं नाव काढून टाका कॉलेजातून..." आणि गप्प झाले. मी फॉर्म पुढे ओढला. सर हजेरीचं रजिस्टर घ्यायला आले होते. मला म्हणाले, "थांबा ना जरा." आणि त्या माणसाकडे बघत नुसते उभे राहिले.

बऱ्याच वेळाने वडील बोलले, "असं माहे मोठे भाऊ म्हणून राहिले. मले तं शिकवाचं हाय तिले. त्याईले काय सांगू, सर?"

सर त्यांना घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. फॉर्मवर, कारणाच्या रकान्यात, मी तोवर 'लग्न' लिहून टाकलं होतं.