पोटाखालचे थेंब

कच्छच्या वाळवंटात मी काढलेला एक फोटो दिवाणखान्यात लावलाय. पखुर्डी पक्ष्याचा नर डबक्यावरून उडतोय आणि त्याच्या पोटाखालून चार-पाच थेंब निथळताहेत. येणारा प्रत्येक जण थेंबांचंच कौतुक करतो.

त्या सकाळी तो पाण्यात बसून पोट हलवत होता. मला वाटलं, अंघोळ चाललीय. आमचे वाटाडे हमीरभाई कुजबुजले, "पिलांसाठी पाणी नेतोय. पोटाची पिसं भिजवतो, पिलं ती चोखतात. हलू नका, साहेब."

उजेड नीट मिळावा म्हणून मी वीतभर पुढे सरकलो. तो उडाला.

"पुरेसं घेतलं असेल ना त्यानं?" मी विचारलं.

"ते पिलांना ठाऊक," डबक्याकडे पाहत हमीरभाई म्हणाले.

पिसं चिंब भिजली होती म्हणून थेंब गळत होते, की पिसांत मुरण्याआधीच पाणी निसटत होतं? फोटोवरून काहीच ठरत नाही. तो उतरवावासा वाटतो, आणि उतरवत नाही.

परवा पाहुणे थेंबांची वाहवा करून, अर्धा पेला पाणी तसंच ठेवून गेले. पेला उचलून मी मोरीपर्यंत गेलो आणि परत आलो. हे पाणी कुठं ओतावं, ते मला कळेना.