मोडलेली लीग आणि मामाचे कूपन

शनिवार, १४ जून, सकाळचे १०:४०. सौदी अरेबियात, राबिघमधल्या माझ्या खोलीत मेलबर्नच्या फुटबॉल सामन्यांचे निकाल पाहिले. माझे अंदाज सलग सहाव्या आठवड्यात चुकले होते. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात फुटबॉल थांबतो, म्हणून तिथल्या पूल्सच्या, म्हणजे सामन्यांच्या निकालांवर पैसे लावायच्या खेळाच्या, कूपनावर ऑस्ट्रेलियातले सामने येतात आणि बरोबरीत सुटणारे ओळखायचे असतात. तिथे लेस्टरला राहणारा माझा मामा माझ्या अंदाजांवरून ते कूपन भरतो. मी पैसे लावत नव्हते. जुन्या हंगामांच्या निकालांवरून हे अंदाज काढणारे माझे गणिती प्रारूप पीएचडीच्या अर्जासोबत जायचे होते. मामाच्या यादीत नवे संघ दिसले तेव्हा लीगमध्ये काही बदल झालाय का, असे मी विचारलेही होते. "दरवर्षीचंच आहे ते," तो म्हणाला होता.

आज फोनवर मात्र तो सहज बोलून गेला, "अगं, ती मेलबर्नची लीग यंदा मोडून नव्याने बांधली. मला एप्रिलातच कळलं होतं."

"मग खोटं का सांगितलंस?"

"तू सगळं पहिल्यापासून मांडत बसली असतीस. तोवर माझं कूपन कोण भरणार, बाईसाहेब?"

प्रयोगशाळेत मी प्रत्येक नमुना दोनदा तपासते. मामाचा शब्द तपासायचा असतो, हे मला कुणी शिकवले नव्हते. अर्जातून प्रारूप काढून टाकले आणि वहीत शेवटची नोंद केली: या आठवड्याचे बरोबरीचे अंदाज आठ, खरे ठरलेले शून्य.