वेळेआधी पडलेला ठोका

माणसाची छाती ही काही बघत बसण्यासारखी वस्तू नाही. हे मी अधिकारानं सांगतो, कारण ऐंशी सालाच्या आसपास, विशी नुकतीच ओलांडली असताना, वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी दिवसभर छात्याच बघत असे. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढायचं यंत्र घेतलं होतं आणि ते चालवायला मला ठेवलं होतं. घामट छातीवर बुळबुळीत जेली चोपडायची, तिच्यावर रबरी फुग्यांच्या वाट्या चिकटवायच्या, मनगटांना आणि घोट्यांना पट्टे बांधायचे, आणि तापलेल्या सुईखालून मेणकागद सरकू लागला की जळकट वास घेत उभं राहायचं. वाट्या काढताना फट् आवाज यायचा आणि जेलीत अडकलेले केस बोटांना लागायचे. दुपारचा डबा मी कित्येक दिवस चमच्यानं खाल्ला.

चार महिन्यांत मला वाटायला लागलं की आपल्याला आलेख वाचताही येतो.

आमची नालवाडीला भाजीची वाडी होती. त्या हिवाळ्यात दीड एकर फुलगोबी होती, आठवड्याभरात कापायला येणारी. बाबा एका सकाळी मला म्हणाले, "छातीत मधीच मासोळी उडल्यावानी होते बाबू. ठोका चुकते, अन् मंग एक धाडकन पडते."

डॉक्टर नेमके भाचीच्या लग्नाला रायपूरला गेले होते, दोन आठवड्यांसाठी. दवाखान्याची किल्ली माझ्याकडे होती. मी बाबांना सायकलवर डबलसीट बसवून नेलं आणि आलेख काढला.

कागदावर सगळं ओळीत चाललं होतं. आधी एक छोटा उंचवटा, मग उंच टोकदार सुळका, मग एक मऊ टेकडी. दोन सुळक्यांमध्ये कागदावर छापलेल्या चौकटींची मोठी चार घरं. आणि मधेच एक भलतंच काहीतरी उमटलं: रुंद, वाकडंतिकडं, बैलानं तुडवल्यासारखं. त्याच्यापुढे मोकळी सपाट रेघ. मी घरं मोजली. साडेपाच! म्हणजे बाबांचं हृदय थांबत होतं.

"बाबा, आता पलंगावरून उतरायचं नाही," घरी आणल्यावर मी म्हणालो. आवाज मुद्दाम हळू केला होता. डॉक्टर तसा करत.

"काऊन? गोबी आली ना कापाले."

"गोबी महत्त्वाची की जीव?"

बाबांनी पाय पलंगावर घेतले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं, आणि, सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं.

मग माणसं यायला लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणं म्हणजे त्याच्याच पलंगावर बसून, कोण कसा गेला ते त्याला सविस्तर सांगणं. आत्या हिंगणीहून आली ती मुक्कामालाच. ती दर तासाला बाबांच्या नाकाखाली लसणाचा काढा धरायची. घरभर लसूण, तंबाखू आणि पायताणांचा वास. आई चुलीपुढून हलेना. वीस-वीस कप चहा. बाबांना मिठाशिवाय दुधीची भाजी. मी ठरवली होती, कोणाला न विचारता.

"दाखव ना बाबू तो कागद," कोणीतरी म्हणायचं. मी तो लुगड्याचा काठ दाखवावा तसा हातभर उलगडून दाखवायचो. "हे पाहा, इथं थांबते. साडेपाच घरं."

"बाप्पा! साडेपाच!" आत्या छातीवर हात ठेवायची. "अन् मानूस बोलून राह्यला अजून!"

बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. मनगटावर बोटं ठेवून मोजत राहायचे. गोबीचं विचारलं की मी सांगायचो, शेजारी बघतात. गोबी कापून देऊ का, असं शेजारी खरंच विचारायला आले होते. बाबांना त्रास नको म्हणून मी त्यांना ओसरीवरूनच परत पाठवलं. मधे दोन दिवस आभाळ आलं, पाऊस शिंतडला, मग कडक ऊन पडलं. गड्डे आधी पिवळे झाले, मग फुटले, मग काळे पडून सडू लागले. सडक्या गोबीचा वास ज्यानं घेतला आहे त्याला वर्णन नको. तो ओसरीपर्यंत येई. भेटायला आलेले नाकाला पदर लावून बसत आणि बाबांकडे अशा नजरेनं बघत, जणू वास त्यांचाच आहे.

सहाव्या दिवशी मी डॉक्टरांच्या टेबलावरचं जाडं पुस्तक उघडलं. पुढे काय काय होणार ते आत्याला सांगायचं होतं. एका पानावर बाबांचाच ठोका छापलेला. तोच रुंद, तोच वाकडा. खाली लिहिलं होतं की धडधाकट माणसातही असा ठोका पडतो आणि बहुतेकदा त्याला काही करावं लागत नाही. मी ते दोनदा वाचलं. पुस्तक मिटलं. घरी गेलो, आणि काही बोललो नाही. निम्म्या नालवाडीला मी साडेपाच घरं दाखवली होती. आता कोणत्या तोंडानं सांगू?

आठ दिवस गप्प राहिलो. त्या आठ दिवसांत दुसरी अर्धी वाडीही सडली.

डॉक्टर आले. त्यांनी बाबांना तपासलं, चक्कर येते का, छातीत दुखतं का, दम लागतो का, ते विचारलं. तिन्हींना नाही. मग कागदाचा एक कपटा घेऊन त्याच्या काठावर तीन सरळ ठोक्यांच्या खुणा केल्या आणि तो कपटा आलेखावरून सरकवला.

"हे बघा काका. हा ठोका आपल्या पाळीच्या आधीच पडलाय, अडीच घरांवर. याच्याआधी छोटा उंचवटा नाही, म्हणजे हा वरून आलेल्या हुकमानं पडलेला नाही. हृदयाच्या खालच्या कप्प्यानंच घाई केली. तेवढ्यात कप्पा पुरता भरत नाही, म्हणून तो मनगटाला लागत नाही, आणि तुम्हाला वाटतं चुकला. मग हृदय पुढच्या पाळीची वाट बघतं, साडेपाच घरं. अडीच आणि साडेपाच?"

"आठ," बाबा म्हणाले.

"दोन ठोक्यांची आठच. कुठं थांबलं? वाट बघताना कप्पा जास्त भरतो, म्हणून पुढचा धाडकन पडतो. चहा-तंबाखू कमी करा, झोप घ्या. पुन्हा एकदा तपासू, पण कामाला आजपासून लागा."

मी फक्त साडेपाच मोजली होती. मागची अडीच मोजलीच नव्हती. साडेपाच घरं म्हणजे एका सेकंदाहून थोडा जास्त वेळ; तेवढ्यात मी बाबांना जवळपास पोचवून आलो होतो.

"मंग पंधरा रोज काऊन झोपवलं मले?" बाबांनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तक टेबलावरच होतं.

"तुम्हाला विचारल्याशिवाय धोका कसा घ्यायचा, म्हणून," मी डॉक्टरांना म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाडीत उतरलो. बाबा गड्ड्याला हात घालत, तो बोटांतच फुटे, काळं पाणी कोपरापर्यंत ओघळे, आत अळ्या वळवळत. मला दोनदा उलटी झाली. दर चार-पाच गड्ड्यांनंतर बाबा थांबून चिकट हातानं मनगट धरायचे, मोजायचे. ती सवय त्यांना मी लावली, आणि ती पुढे कधी गेली नाही.

कुंपणापलीकडून शेजाऱ्यानं हाक दिली, "भाऊ, समदीच गेली का हो गोबी?"

"जाऊ दे ना गोबी," बाबा ताठ उभे राहून म्हणाले. "पोट्टा दवाखान्यात हाये म्हणून वाचलो म्या. इच्यार त्याले, साडेपाच घरं होती."

शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हात पॅन्टला पुसले आणि मान हलवून हो म्हणालो.