लहानूमामांचा आवडता सीन

लहानूमामांना खून कोणी केला यात काडीचाही रस नव्हता. पोलिसांची ती मालिका सगळा तालुका बघायचा आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यात पाण्याच्या टाकीपाशी दिराने मारलं की पार्टनरने, यावर वाद रंगायचे. मामा मात्र खुनी सापडायच्या आधीच टीव्हीसमोरून उठून कोंबड्या झाकायला जायचे. "पकडतीलच की. पगार हाय ना त्यांना त्याचा!" त्यांचा जीव अडकलेला असायचा तो एकाच सीनमध्ये. पोलीस मेलेल्याच्या घरी बातमी सांगायला जातात, तेवढाच.

२०१४ साली मी डहाणू-तलासरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून हजर झाले. कोणत्या ते सांगत नाही, कशाला उगाच. मी नगरकडची, इथला दमटपणा मला सोसवत नव्हता आणि बदली म्हणजे शिक्षाच वाटत होती. पहिल्या दिवशी घामाने चिंब होऊन ओट्यावर टेकले, तर पन्नाशीचा एक बारकासा माणूस पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि ओळख ना पाळख, म्हणाला, "सिस्टर, कालचा बघितला? खून साधाच होता, पण सांगायला गेले ते झकास." मला वाटलं, दवाखान्यातच कुणाचा मुडदा पडला! हेच आमचे वॉर्डबॉय लहानूमामा. रानशेतचे. ठेकेदाराकडून लागलेले, म्हणजे आज आहेत तर उद्या नाहीत.

त्या सीनचं वेड त्यांना का, हे आठवड्याभरात कळलं. डॉक्टरसाहेब बोलायचे पुस्तकी मराठी, मी देशावरची. पाड्यावरच्या माणसांना त्यांच्या बोलीत सांगणारे मामाच. पेशंट गेला की साहेब पेन खिशाला लावत, "मामा, जरा त्यांना सांगा," एवढं म्हणून केबिनमध्ये शिरत. मामा हात धुवायचे, बाहेर जायचे, झाडाखाली बसलेल्या नातेवाइकांशेजारी उकिडवे बसायचे, गेलेल्याचं नाव घ्यायचे आणि एका वाक्यात सांगायचे. मी लांबून बघायची. आम्हाला नर्सिंगच्या शाळेत सुई टोचायला शिकवलं, हे कुणी शिकवलं नाही. मामा ते मालिकेतून शिकत होते.

त्यांचे आवडते एपिसोड त्यांनीच ठेवलेल्या नावांनी ओळखले जायचे. एक 'मच्छीवालीचा'. इन्स्पेक्टर बाजारात येतो, कोळीण त्याच्या तोंडाकडे बघते, आधी टोपलीवर ओलं फडकं टाकते आणि मग म्हणते, "बोला." मामा हा सीन सांगताना दर वेळी ते फडकं हाताने पसरून दाखवायचे. "बाई समजली हाय, सिस्टर. पण मच्छी वाळून कशी चालेल?" दुसरा 'जेवणाऱ्या बापाचा'. बाप ताटावर बसलेला असतो, तर हवालदार दारातच थांबतो, त्याचा शेवटचा घास होऊ देतो. हवालदाराचं काम करणारा तो नट पुढे दुसऱ्या मालिकेत सासरा झाला, तरी मामा त्याला "आपला हवालदार"च म्हणायचे. ज्या एपिसोडमध्ये खुनी सापडतच नाही, तो बघून सगळ्यांनी मालिकेला शिव्या घातल्या. मामांना तोच सगळ्यात खरा वाटला.

नावडतेही होते. बातमी द्यायला आलेला पोलीस "धीर धरा" म्हणाला की मामांचं डोकं फिरायचं. "धीर धरा म्हणजे अर्धीच बातमी. माणूस त्या अर्ध्यातच मरतो." आणि 'बॉडी' म्हणणारा इन्स्पेक्टर तर त्यांच्या मनातून कायमचा उतरायचा. एकदा मी म्हटलं, "मामा, सीरियलमधल्या आया कशा जमिनीवर कोसळतात, आपल्याकडे तसं दिसत नाही." मामा म्हणाले, "आपल्याकडची आई विचारते, गाडी पाड्यापरेंत येईल का. त्यांना कोसळायला सवड हाय, सिस्टर."

२०१७च्या उन्हाळ्यात वेवजीच्या पलीकडल्या पाड्यावरची वनिता बाळंतपणाला आली. रक्त थांबेना. साहेबांनी तिला ॲम्ब्युलन्समधून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. नवरा सोबत गेला. आईबाप आणि दोन भाऊ मागे राहिले, कारण रक्त लागणार म्हणून गावातून आणखी माणसं जमवायची होती. तासाभरात ड्रायव्हरचा फोन आला. वनिता वाटेतच गेली होती. साहेबांनी त्याला सांगितलं, थांबू नकोस, तसाच पुढे जा. आणि आम्हाला म्हणाले, "इथे कुणी काही बोलायचं नाही. तिकडचे सांगतील."

बाहेर भाऊ जीप ठरवून आले होते. मरून गेलेल्या बहिणीला रक्त द्यायला सात माणसं दाटीवाटीने बसत होती. एक जण तर पोटात काही नसलं तर रक्त घेत नाहीत म्हणून घाईघाईने वडापाव खात होता. मी खिडकीतून बघत होते. खोटं कशाला बोलू, मला फक्त ती जीप लवकर जावी असं वाटत होतं. मामांनी हात धुतले. "मामा, साहेब नको म्हणालेत," मी म्हटलं. "ऐकलं मी," ते म्हणाले आणि गेले. जीपच्या मागच्या फळीशी उभे राहून त्यांनी वनिताच्या आईला खाली उतरवलं, बसवलं, स्वतः बसले आणि सांगितलं.

मग गर्दी जमली. केबिनच्या काचा फुटल्या. पोलीस आले, खरे. दोन दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. "तुमचं अक्षर चांगलं आहे. ठेकेदाराला पत्र लिहा." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. संबंधित कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय नातेवाइकांना चुकीची माहिती दिल्याने जमाव भडकला. 'चुकीची' शब्दापाशी माझं पेन अडलं. साहेब म्हणाले, "तुमचा बदलीचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे ना?" मी 'चुकीची' लिहिलं. खाली प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून सही केली.

महिन्याअखेरीस ठेकेदाराने मामांना येऊ नका म्हणून कळवलं. कुणी काय लिहिलं हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. वरून आलंय, असंच सगळे म्हणाले. मामा कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊन गेले. "वरची माणसं, सिस्टर. त्यांनी आपल्याला कधी बघितलं पण नाय," असं म्हणाले. मी मान हलवली. होय हो, मान हलवली मी! आणि माझी बदली? ती काही लगेच झाली नाही. साहेबच आधी बदलून गेले.

माझी ऑर्डर निघाली २०१९मध्ये. सामान बांधून झालं आणि मी रानशेतला गेले. मामा दुसऱ्याच्या वाडीत चिकू उतरवायला जात होते, झेल्याची, म्हणजे टोकाला फळं झेलायची जाळी लावलेली काठी घेऊन नुकतेच परतले होते. खांदे उतरले होते. त्यांच्या बायकोने कोरा चहा केला. मी विचारलं, "मालिका बघता का हल्ली?" म्हणाले, "नाय. आता त्यात पण फोनवरच सांगतात. बघवत नाय." मग दवाखान्यात कोण आहे, कोण रिटायर झालं, हे झालं. चहा संपला. परतीची बस साडेपाचची होती.

मी म्हटलं, "मामा, ते पत्र वरून आलं नव्हतं. मी लिहिलं होतं. माझ्या बदलीसाठी."

मामांनी माझ्याकडे बघितलं. आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे सिस्टर, तुमचा तरी काय इलाज. त्या वाक्यासाठीच मी आले होते, हे तेव्हा माझं मलाच कळलं. ते आलं नाही. माझ्याने बसवेना. पर्स उचलून मी उठले, "येते मी," म्हटलं.

"बसा," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "सांगून लगेच उठायचं नसतं. ऐकणाऱ्याला राग यायला वेळ लागतो."

मी बसले. साडेपाचची बस रस्त्याने गेलेली ऐकू आली. त्यानंतर मामा बोलायला लागले.